नोंदीतील पूर्वज : भंडारा जिल्ह्यातील कुलशोधाची साधने आणि त्यांचे वाचन

१

कुलेतिहास हा विषय मराठीत नवा नाही. विसाव्या शतकात कोकणातील व देशावरील घराण्यांचे जे कुलवृत्तान्त प्रसिद्ध झाले, त्यांनी या लेखनाची एक घडी बसवून दिली. मूळ गाव, गोत्र, कुलस्वामी, मूळ पुरुष, शाखा आणि शेवटी हयात पिढीची यादी, असा त्यांचा क्रम असतो. ही घडी ज्या घराण्यांपुरती बसली, ती बहुतांशी लिहिणारी-वाचणारी घराणी होती. सनदा, इनामपत्रे, महजर, निवाडे असे कागद त्यांच्या घरीच होते. वैनगंगेच्या खोऱ्यात हीच घडी लावू गेल्यास ती बसत नाही. भंडारा जिल्ह्यातील शेतकरी, विणकर, गुराखी अथवा ढिवर कुटुंबाला इंग्रजी अमदानीतील आपला पूर्वज शोधावयाचा झाल्यास घरचा कागद बहुधा मिळत नाही. मिळतो तो दुसऱ्याने, दुसऱ्याच्या कामासाठी आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या भाषेत लिहिलेला कागद.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. अनुसूचित जमातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. तेव्हापासून, आणि विशेषतः २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ आल्यापासून, जातीचा दावा सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे. पडताळणी समितीपुढे वंशावळ सादर करावी लागते आणि तिच्यातील आजा-पणजाच्या नावापुढे जुन्या दप्तरात कोणता शब्द लिहिला आहे, हे दाखवावे लागते. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदांना अधिक प्रमाणमूल्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०११ च्या निर्णयात म्हटले आहे. परिणामी, एखाद्या पटवाऱ्याने अथवा गुरुजीने शंभर वर्षांपूर्वी सहज लिहिलेल्या एका शब्दावर आज एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश किंवा एखाद्याची नोकरी अवलंबून राहते.

अशा वेळी नोंद सापडली की शोध संपला, अशी समजूत रूढ होणे स्वाभाविक आहे. परंतु शोध संपल्यावर वाचन सुरू व्हावयास हवे. नोंद हे प्रथमतः एक विधान असते. ते कोणी केले, कोणी लिहिले, कोणत्या प्रयोजनाने लिहिले आणि लिहिणाऱ्याच्या लिपीत व बोलीत त्या शब्दाची मर्यादा काय होती, हे ठरल्यावाचून त्यातून वंशही सिद्ध होत नाही आणि जातही. भंडारा जिल्ह्यातील साधनांना ही कसोटी लावली असता काय हाती लागते, ते पाहणे अगत्याचे आहे.

२

प्रथम क्षेत्राचा विचार करावयास हवा. 'भंडारा जिल्हा' या नावाचा अर्थ काळाप्रमाणे पालटला आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि पुढील वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा घडविताना भंडाऱ्याचा काही भाग त्यात गेला. लांजीचा मुलूख आज मध्य प्रदेशात आहे, त्याचे मूळ या वाटणीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पुढे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. १९०८ साली रसेल यांनी संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले, तेव्हा भंडारा, तिरोडा व साकोली अशा तीनच तहसिली होत्या. आज एकट्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, एकाच पणजाची मुले आज दोन राज्यांत व तीन जिल्ह्यांत विभागलेली असू शकतात. एका शाखेच्या कागदात 'जात' हा शब्द आणि मराठी वळण, तर दुसऱ्या शाखेच्या कागदात 'कौम' हा शब्द आणि हिंदी वळण आढळते. 'लांजेवार' या आडनावात लांजी दिसते, 'रामटेके' या आडनावात रामटेक दिसते. अशा आडनावातून एखाद्या काळी कुटुंबाचा त्या गावाशी संबंध आला असावा, एवढेच अनुमान निघते. एका गावातून निघालेले भिन्न जातींचे लोक एकच आडनाव लावू शकतात. 'बोरकर' हे याचे परिचित उदाहरण आहे. आडनाव हे वंशाचे नव्हे, स्थलांतराचे साधन आहे, ही मर्यादा ध्यानी घेतली तर ते उपयोगी पडते.

३

दुसरे साधन कुलकथेचे. जिल्ह्यातील पोवार समाजात पूर्वजांच्या आगमनाची जी परंपरा आहे, तिचा क्रम ठरलेला आहे. माळव्यातील धारेहून रामटेकजवळच्या नगरधनास, तेथून अंबागड-चांदपूर भागात, पुढे चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या साहाय्याबद्दल वैनगंगेकाठच्या जमिनी, असा हा प्रवास सांगितला जातो. लॉरेन्स यांच्या १८६७ च्या जमाबंदी अहवालात ही हकिगत आली. पुढे गॅझेटियरने आणि रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांच्या ग्रंथाने तिची परंपरा चालविली. त्यानंतरचे जातीय इतिहास या छापील ग्रंथांचा आधार देतात.

येथे प्रमाणाचे एक चक्र तयार होते. गावच्या वडीलधाऱ्यांनी हकिगत सांगितली, अधिकाऱ्याने ती टिपली, दुसऱ्या अधिकाऱ्याने पहिल्याचा हवाला दिला, आणि सांगणाऱ्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याचा ग्रंथ पुरावा म्हणून पुढे केला. छापील आधार अनेक दिसले तरी साक्ष मुळात एकच राहते. ती खोटी आहे असे यातून निघत नाही. पण पुनरुक्तीने साक्ष बळकट होत नाही, हा इतिहासशास्त्राचा साधा नियम येथे विसरला जातो.

भाषेचा पुरावाही येथे सरळ उत्तर देत नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सहाव्या खंडात पोवारीची गणना बघेलीच्या मिश्र बोलींत केलेली आहे. माळव्याहून आलेल्या समाजाची बोली माळवी वळणाची असावी, अशी अपेक्षा कोणी करील. तेवढ्यावरून कुलकथा असत्य ठरविणे हा उतावळेपणा होईल, कारण समाज आपली बोली वाटेत व वस्तीत बदलतो. पण बोलीच्या आधारे कुलकथा सिद्ध करू पाहणाऱ्यांचा मार्गही त्याच कारणाने बंद होतो. भाषा आणि वंश एकाच गाडीतून प्रवास करीत नाहीत.

या कथेचे बारकाईने वाचन केले असता एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात स्थळे आहेत, राजे आहेत, पण व्यक्तीचे नाव क्वचितच येते. ती समाजाची स्मृती आहे. एखाद्या कुटुंबाचा पूर्वज तिच्यात शोधणे व्यर्थ होय. व्यक्तीचे नाव टिकते तेथेही स्मृतीचा व्यापार निराळाच असतो. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी परंपरा आहे. हाच पुरुष पुढे कोलासूर म्हणून पुजला जाऊ लागला आणि सभोवतीच्या सात टेकड्या सात बहिणी म्हणून त्याच्या कथेत आल्या. तलाव बांधणारा कोहळी समाज आणि त्यांचे जलकौशल्य ही ऐतिहासिक वस्तू आहे. परंतु पूर्वजाचा देव झाला की त्याची पिढी मोजता येत नाही. कुलकथेचे मूल्य समाज स्वतःस कसा ओळखतो हे सांगण्यात आहे. वंशावळीची पहिली पायरी म्हणून ती उभी करता येत नाही.

४

व्यक्तीचे नाव, बापाचे नाव व गाव ही तिन्ही एकत्र सापडू लागतात, ती बहुधा इंग्रजी अमदानीच्या कागदांत. १८६० नंतरच्या दशकातील बंदोबस्ताने गावच्या पाटलास मालगुजार म्हणून मालकी हक्क दिला, आणि त्या निमित्ताने जमाबंदी, खसरा, वाजिब-उल-अर्ज असे कागद गावोगाव तयार झाले. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. ते तलाव मात्र 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'मामा तलाव' या नावाने आजही ओळखले जातात. महसुली कागदांच्या जोडीला कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही साधने येतात. या तिहींचे प्रयोजन भिन्न आहे, म्हणून त्यांची भाषाही भिन्न आहे.

नमुन्यादाखल एक कल्पित कुटुंब घ्यावे. जमाबंदीत 'फागू वल्द सुकरू, साकिन पवनी' असे कूळ आहे. कोतवाल बुकात 'फागू कोष्टी यास मुलगा झाला' अशी नोंद आहे. शाळेच्या रजिस्टरात 'गणपत फागूजी, जात हलबी कोष्टी, जन्म १ जुलै' असे लिहिले आहे. गणपतचा नातू या तीन कागदांतून वंशावळ मांडतो. वरवर पाहता साखळी पूर्ण आहे.

आता एकेक कडी पाहावी. 'वल्द' हा महसुली शब्द बाप दाखवितो, आजा दाखवीत नाही. फागू, सुकरू, मंगरू, बुधू अशी महिन्यांवरून व वारांवरून ठेवलेली नावे या भागात इतकी सामान्य आहेत की, एकाच गावात 'फागू वल्द सुकरू' दोन असणे अशक्य नाही. जमाबंदीला मतलब साऱ्याशी होता. माणूस ओळखला गेला की तिचे काम भागले. कोतवाल बुकातील नोंदीत मुलाचे नावच नाही, कारण जन्माची वर्दी बारशापूर्वीच दिली जाई. तो 'मुलगा' म्हणजेच गणपत, हे त्या नोंदीतून सिद्ध होत नाही. भावंडांची संख्या, जन्मवर्षे व इतर कागद यांच्या मेळाने ते सिद्ध करावे लागते. शाळेतील '१ जुलै' ही तर शाळाप्रवेशाच्या सोयीची तारीख आहे. ती ज्या पिढीत सर्वत्र आढळते, त्या पिढीचा वाढदिवस तिच्यावरून काढणे हास्यास्पद ठरेल.

आणि या तिन्ही कागदांत लिहिणारा निराळा आहे. कोतवाल वर्दी देई, पण तो स्वतः पुष्कळदा निरक्षर असे. लिहीत असे दुसराच. 'कोष्टी' हा शब्द फागूने सांगितला, कोतवालाने सांगितला, की मागावर बसणारा माणूस म्हणून लेखकाने घातला, हे नोंद बोलत नाही. 'हलबी कोष्टी' हा शब्द पालकाचा की गुरुजींचा, हाही प्रश्न तसाच राहतो. धंद्याचे नाव, समाजाचे नाव आणि पोटभेदाचे नाव या तीन भिन्न वर्गांतील शब्द एकाच रकान्यात येतात, कारण रकाना एकच असतो.

५

लिपी आणि उच्चार यांचा परिणाम याहून सूक्ष्म आहे. झाडीबोलीत 'ण' व 'ळ' हे वर्ण नाहीत. 'ळ'च्या स्थानी 'र' येतो. 'डोळा' हा 'डोरा' होतो, 'काळा' हा 'कारा' होतो. म्हणून 'कोहळी' हा शब्द गावकऱ्याच्या तोंडी 'कोहरी' होतो. प्रमाण मराठी जाणणारा कारकून त्याचा 'कोहळी' करतो, हिंदी वळणाचा लेखक 'कोहली' लिहितो, आणि इंग्रजी अहवालात रोमन लिपीला 'ळ' नसल्याने तोच 'ल'कारान्त होऊन बसतो. पुढे कोणी त्या रोमन रूपाचे पुन्हा देवनागरीकरण केले की 'कोळी' हा सर्वस्वी भिन्न समाज पुढे उभा राहतो. 'ढिवर', 'धीवर', 'धीमर' आणि 'पोवार', 'पवार', 'पंवार' या रूपांचीही हीच कथा आहे. 'पवार' हे रूप तर पश्चिम महाराष्ट्रातील त्याच आडनावाशी मिसळून जाते.

अशा रूपभेदांकडे पाहण्याच्या दोन चुकीच्या पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत प्रत्येक रूपभेद म्हणजे स्वतंत्र जात मानली जाते, आणि दोन पिढ्यांच्या कागदांत अक्षर बदलले की संशय घेतला जातो. दुसऱ्या पद्धतीत कोणतेही जवळचे रूप सोयीप्रमाणे एक मानले जाते. ध्वनिपरिवर्तनाचे नियम पहिल्या पद्धतीचा कडकपणा दूर करतात, तसेच दुसरीची सैलही काढून घेतात. 'कोहरी' आणि 'कोहळी' एक आहेत, कारण 'ळ'चा 'र' होणे या बोलीत नियमित आहे. 'कोहळी' आणि 'कोळी' एक नाहीत, कारण मधल्या 'ह'चा लोप दाखविणारा तसा नियम पुढे करता येत नाही. नियम दाखविता येतो तेथेच रूपैक्य मानावे.

भाषा-सर्वेक्षणाचा दाखलाही जपून वापरावा. त्याच्या सातव्या खंडात गोवारी, कोष्टी, कुंभारी अशी जातिनामांवरून ठेवलेली बोलीनामे मराठीच्या पोटात येतात. त्याच खंडात हलबीचाही समावेश आहे. बोलीचे नाव जातीवरून ठेवले म्हणून ती बोलणारा प्रत्येक जण त्या जातीचा ठरत नाही, आणि ती न बोलणारा त्या जातीबाहेरही जात नाही. सर्वेक्षणाचा हेतू नमुने गोळा करण्याचा होता, वंश ठरविण्याचा नव्हता.

६

येथे या चिकित्सेचा मुख्य मुद्दा येतो. पूर्वजाच्या जातीसंबंधीच्या वादात दोन प्रकारचे शब्द एकमेकांत मिसळले जातात. एक नोंदीतील शब्द, दुसरा यादीतील शब्द. नोंदीतील शब्द ही साक्ष आहे. तिचा अर्थ लेखक, प्रसंग व बोली पाहून लावावा लागतो. यादीतील शब्द हे विधान आहे. त्याची मर्यादा आदेशाने घातली आहे आणि ती बदलण्याचा अधिकार संसदेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी हलबा-कोष्टी प्रकरणी हेच सांगितले. 'हलबा' या यादीतील नोंदीत 'हलबा-कोष्टी' समाविष्ट आहेत काय, याची पुराव्याने चौकशी करणे न्यायालयाचे काम नाही. आदेश आहे तसा वाचावा. तोवर अंतिम झालेले प्रवेश व नेमणुका मात्र त्याच निर्णयाने अबाधित ठेवल्या. गोवारी समाजाचा प्रश्नही याच जातीचा आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे मोर्चातील चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मृत्युमुखी पडले, इतका तो तीव्र होता. रसेल-हिरालाल यांनी गोवारींचे गाय गोवारी, इंगा आणि मारिया अथवा गोंड गोवारी असे तीन भेद नोंदविले आहेत. यादीतील शब्द आहे 'गोंड गोवारी'. 'गोंड गोवारी' ही निराळी जमात १९११ पूर्वीच उरली नव्हती, सबब यादीतील शब्दाने गोवारीच अभिप्रेत असले पाहिजेत, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी काढला. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी तो रद्द ठरविला.

या निर्णयांवरून जुन्या नोंदींचा अभ्यास निरुपयोगी ठरला, असे समजणे बरोबर नाही. यादीची मर्यादा इतिहासाने वाढविता येत नाही, एवढेच त्यांतून निघते. नोंदीचा अर्थ लावण्याचे काम शिल्लकच राहते. किंबहुना, यादी जितकी ताठर, तितके नोंदीचे वाचन अधिक काळजीचे असावयास हवे. कुटुंबे चुकतात ती यादीतील शब्दाला नोंदीप्रमाणे लवचीक मानून. तपासणारे चुकतात ते नोंदीतील शब्दाला यादीप्रमाणे ताठर मानून. कारकुनाने धंदा लिहिला की जात, हे न पाहता त्याचे अक्षर अंतिम मानले, तर ती कागदाची पूजा होते. सांस्कृतिक साधर्म्याची कसोटी हीच निर्णायक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले. कागदाचे महत्त्व त्यामुळे कमी झालेले नाही, वाढले आहे. म्हणून कागदाच्या वाचनाची शिस्तही वाढली पाहिजे.

७

शेवटी नोंद नसलेल्यांचा विचार अटळ आहे. महसुली दप्तर मालगुजारास, मलिक-मकबुजास व मौरूसी कुळास ओळखते; सालदारास ओळखण्याचे त्यास कारण नसते. शाळेचे रजिस्टर शाळेत गेलेल्यासच ओळखते. स्त्री येते ती बहुधा 'जौजे' किंवा 'बेवा' या शब्दाच्या आधाराने, म्हणजे नवऱ्याच्या नावाला जोडून. तिचे माहेर वंशावळीतून नाहीसे होते. ब्रिटनमध्ये कुलशोधकास जुन्या शिरगणतीचे घरवार तक्ते उपलब्ध होतात. मध्य प्रांतात १८६६, १८७२ व १८८१ साली शिरगणती झाली, परंतु घरवार तक्ते जपून ठेवण्याची पद्धत येथे नव्हती. उरले ते बेरजांचे छापील कोष्टक. ज्या कोतवालाने पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या गावाच्या जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर नेली, तो या भागात पुष्कळदा महार समाजाचा असे. त्याच्या स्वतःच्या घराण्याचा वृत्तान्त मात्र त्या बुकात दोन-चार ओळींपलीकडे सापडत नाही. सबब १९५० पूर्वीचा कागद नसणे म्हणजे त्या काळी ते कुटुंब तेथे नसणे, असे अनुमान शास्त्रशुद्ध नव्हे. नोंदीचा अभाव हा प्रथम दप्तराच्या प्रयोजनाचा पुरावा असतो.

तथापि या सहानुभूतीने प्रमाणाचा निकष सैल करावा, असेही नाही. नाव, बाप व गाव यांची साखळी एक काम आहे. जातिवाचक शब्दाचे वाचन दुसरे. पहिले सिद्ध झाल्यावाचून दुसऱ्यास हात घालू नये. प्रत्येक नोंदीपुढे तिचा लेखक, तिची लिपी व तिचे प्रयोजन लिहावे. नियम दाखविता येईल तेथेच रूपभेद एक मानावेत. कुलकथा वंशावळीच्या शेजारी ठेवावी, तिच्या पायथ्याशी नव्हे. भंडाऱ्याच्या दप्तरातील 'वल्द', 'जौजे', 'साकिन', 'मौरूसी' अशा शब्दांचा आणि जातिनामांच्या रूपभेदांचा कालानुक्रमे कोश अभ्यासकांनी सिद्ध केला, तर त्याचा उपयोग भाषाविज्ञानापुरता राहणार नाही. पवनीचा विणकर, साकोलीचा ढिवर आणि लाखांदूरचा गोवारी यांच्या पणजाचे नाव ज्या ओळीत अडकले आहे, ती ओळ वाचताना समितीस, वकिलास आणि खुद्द त्या कुटुंबास एकच अर्थ दिसण्याची शक्यता तरी त्यामुळे निर्माण होईल.